पॅकेज-व्याख्या, फलनीय

एखादे सॉफ्टवेअर कोणत्या मूळ संहितेपासून, कोणत्या साधनांच्या व घटकांच्या साहाय्याने आणि कोणत्या क्रमाने बांधावयाचे, याचे संगणकाला वाचता येईल अशा भाषेत केलेले पूर्ण विधान म्हणजे पॅकेज-व्याख्या होय. अशा व्याख्येला गणितातील फलनाप्रमाणे मानून तीवरून सॉफ्टवेअर बांधणाऱ्या व संगणकावर बसविणाऱ्या प्रणालीस फलनीय पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. निक्स आणि ग्नू गीक्स या या प्रकारातील दोन प्रमुख प्रणाली होत. व्याख्या एकदा लिहून काम संपत नाही. मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्याला लागणारे घटक बदलतात, सुरक्षाविषयक दोष उघडकीस येतात आणि मूळ संहिता जेथून आणली जाते ती ठिकाणेही कालांतराने नाहीशी होतात. त्यामुळे व्याख्या लिहिण्यापेक्षा ती चालू स्थितीत राखणे हेच अधिक श्रमाचे व अधिक जबाबदारीचे काम ठरते.

तत्त्व : बहुतेक सॉफ्टवेअर स्वयंपूर्ण नसते. लहानशा प्रोग्रॅमलाही कंपाइलर, अनेक लायब्ररी आणि इतर प्रोग्रॅम यांचा आधार लागतो. लिनक्सच्या रूढ वितरणांत हे सर्व घटक काही ठराविक सामाईक निर्देशिकांत ठेवले जातात. एका लायब्ररीची नवी आवृत्ती बसविली की ती जुनीची जागा घेते, आणि जुन्या आवृत्तीवर विसंबलेला दुसरा एखादा प्रोग्रॅम बंद पडू शकतो. याहून त्रासदायक दोष म्हणजे न सांगितलेले अवलंबन. बांधणाऱ्याच्या संगणकावर एखादी लायब्ररी योगायोगाने आधीपासून असते, प्रोग्रॅम तिचा उपयोग करतो, परंतु तिची नोंद कोठेच होत नाही. दुसऱ्या संगणकावर तोच प्रोग्रॅम बांधता येत नाही आणि त्याचे कारणही चटकन सापडत नाही.

फलनाचे मूल्य केवळ त्याला दिलेल्या चलांवर अवलंबून असते. तीच मूल्ये दिली असता उत्तर तेच येते. हाच नियम सॉफ्टवेअरच्या बांधणीस लावणे हे फलनीय पद्धतीचे सूत्र आहे. मूळ संहिता, कंपाइलर, लायब्ररी, बांधणीच्या आज्ञा आणि यंत्राचा प्रकार ही फलनाची चले होत. तयार पॅकेज हे त्याचे मूल्य. या सर्व चलांवरून एक हॅश, म्हणजे मजकुराची ओळख पटविणारा ठराविक लांबीचा अंक, काढला जातो आणि तयार पॅकेज ज्या निर्देशिकेत ठेवले जाते तिच्या नावाच्या आरंभी तो घातला जातो. निक्समध्ये हा अंक ३२ अक्षरचिन्हांत लिहिला जातो. त्यासाठी रोमन वर्णमालेतील चार अक्षरे वगळली आहेत. हॅशमधून योगायोगाने एखादा अशिष्ट शब्द तयार होऊ नये, हा त्यामागील हेतू. एकाही चलात बदल झाला की हॅश बदलतो व पॅकेज वेगळ्या निर्देशिकेत जाते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या एकमेकींना धक्का न लावता शेजारी नांदतात. नवी आवृत्ती सदोष निघाल्यास जुनीकडे परतणे म्हणजे केवळ निर्देश बदलणे होय.

न सांगितलेले अवलंबन टाळण्यासाठी बांधणी एका बंदिस्त कक्षात केली जाते. व्याख्येत ज्यांचा उल्लेख आहे तेवढेच घटक या कक्षात दिसतात; लिनक्सवर तेथून इंटरनेटशी संपर्कही साधता येत नाही. बांधणीनंतर तयार फाइलींत कोणकोणत्या घटकांचे हॅश आढळतात याचा शोध घेतला जातो आणि त्यावरून प्रोग्रॅम चालण्यासाठी प्रत्यक्षात कोणते घटक लागतील हे ठरविले जाते. ही युक्ती वरवर ओबडधोबड वाटली, तरी व्यवहारात ती उत्तम चालते. कारण ३२ चिन्हांचा असा क्रम फाइलीत अन्य कारणाने येण्याची शक्यता नगण्य असते.

इतिहास : निक्सचा प्रारंभ २००३ साली नेदर्लंड्समधील उत्रेक्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी केला. २००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर वितरणाच्या विशुद्ध फलनीय प्रतिमानावरील डोल्स्ट्रा यांचा डॉक्टरेटचा प्रबंध २००६ सालचा असून या विषयाची बहुतेक मूळ मांडणी त्यात आढळते. सबंध संगणकाची रचनाच व्याख्येवरून सिद्ध करणारे निक्सओएस हे लिनक्स वितरण त्याच सुमारास आर्मेन हेमेल यांच्या पदव्युत्तर प्रबंधातून आकारास आले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये निघाली. पुढे मे व नोव्हेंबर अशा वर्षातून दोन आवृत्त्यांचा परिपाठ रूढ झाला.

ग्नू गीक्सची घोषणा लूदोव्हीक कूर्तेस यांनी २०१२ मध्ये केली. निक्सची बांधणीविषयक मूळ कल्पना गीक्सने स्वीकारली. मात्र व्याख्या लिहिण्यासाठी नवी भाषा न निर्मिता स्कीम ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा वापरली. गीक्सची १.० ही आवृत्ती मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निक्सच्या व्याख्यांसाठी मात्र निक्स याच नावाची स्वतंत्र लहानशी भाषा आहे. तिच्यात एखादी राशी प्रत्यक्ष हवी असेल तेव्हाच काढली जाते. निक्सच्या मुख्य संग्रहात एक लाखाहून अधिक पॅकेजे असूनही त्यांपैकी एक मागितले असता इतरांचे गणित करावे लागत नाही, ते या गुणामुळेच.

व्याख्येचे स्वरूप : उदाहरण म्हणून ‘ग्नू हॅलो’ हा प्रोग्रॅम घेण्याचा प्रघात आहे. पडद्यावर नमस्काराचे एक वाक्य उमटविणे एवढेच त्याचे काम. त्याच्या व्याख्येत प्रथम नाव व आवृत्तीचा क्रमांक येतो. नंतर मूळ संहिता कोठून आणावयाची तो पत्ता आणि त्या संहितेचा अपेक्षित हॅश. शेवटच्या भागात प्रोग्रॅमचे एका ओळीत वर्णन, त्याचा परवाना, तो कोणत्या यंत्रांवर चालतो याची यादी आणि देखभालकर्त्यांची नावे असतात. संहिता उलगडणे, तीत दुरुस्त्या करणे, यंत्रानुरूप जुळणी, प्रत्यक्ष बांधणी, चाचणी, स्थापना आणि अखेरची सफाई हे टप्पे सर्वच पॅकेजांना जवळजवळ समान असल्याने ते एकदाच लिहून ठेवलेले असतात; व्याख्येत केवळ अपवाद नोंदवावे लागतात. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठी असलेल्या ‘लोहित’ टंकांसारख्या पॅकेजात तर बहुधा फाइली योग्य जागी ठेवण्यापलीकडे काही करावयाचे नसते. याउलट मोठ्या ब्राउझरची व्याख्या शेकडो ओळींची होते व त्याच्या बांधणीस कित्येक तास लागतात.

व्याख्येतील लागणाऱ्या घटकांची यादी वरवर पाहता सोपी दिसते. परंतु तीत एक सूक्ष्म भेद पाळावा लागतो. बांधणी करणाऱ्या यंत्रावर चालणारी साधने वेगळी आणि तयार प्रोग्रॅमला पुढे लागणाऱ्या लायब्ररी वेगळ्या. दोन्ही यंत्रे एकाच प्रकारची असतील तर याद्यांत गफलत झाली तरी बांधणी पुष्कळदा निर्वेध होते. एका प्रकारच्या यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर बांधण्याची वेळ आली म्हणजेच ही चूक उघड होते, तोपर्यंत ती इतर अनेक व्याख्यांत नकललेली असते.

आवृत्तीबदल : देखभालकर्त्याचे सर्वांत नित्याचे काम म्हणजे नवी आवृत्ती निघताच व्याख्या अद्ययावत करणे. आवृत्तीचा क्रमांक बदलावयाचा, नव्या संहितेचा हॅश घालावयाचा, पॅकेज बांधून पाहावयाचे आणि त्यावर विसंबलेली इतर पॅकेजे अजून बांधली जातात की नाही हे तपासावयाचे, असा हा क्रम आहे.

यातील हॅशचे स्थान समजून घेणे आवश्यक आहे. बंदिस्त कक्षातून इंटरनेटवर जाता येत नसल्याने मूळ संहिता आणण्याच्या पायरीलाच तेवढी सवलत असते. ती सवलत अशा अटीवर की, आणलेल्या मजकुराचा हॅश आधीच लिहून दिलेला असला पाहिजे. मजकूर जुळला नाही तर बांधणी थांबते. ही अट मोठी संरक्षक आहे, पण तिच्यातच एक सापळाही आहे. येथे भांडारातील जागा मजकुराच्या हॅशवरून व नावावरून ठरते. देखभालकर्त्याने क्रमांक बदलला परंतु हॅश जुनाच ठेवला, आणि आणलेल्या संहितेला आवृत्तीचा उल्लेख नसलेले सामान्य नाव असेल, तर त्या हॅशची वस्तू भांडारात आहेच असे पाहून प्रणाली नवी संहिता आणतच नाही. जुन्याच संहितेवर नव्या आवृत्तीचे नाव लागते आणि बांधणी विनातक्रार यशस्वी होते. यावरील रूढ उपाय म्हणजे प्रथम मुद्दाम खोटा हॅश घालावयाचा, बांधणी अडू द्यावयाची आणि प्रणालीने दाखविलेला खरा हॅश उतरून घ्यावयाचा. ही रीत सोयीची असली तरी तीत देखभालकर्ता पहिल्या भेटीत मिळालेल्या मजकुरावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेल्या हॅशशी किंवा स्वाक्षरीशी तो ताडून पाहणे हे अधिक सावधपणाचे होय.

हॅश नेमका कशाचा घ्यावा, हाही प्रश्न गौण नाही. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहब या संहिता-संग्रहस्थळाने मागणीनुसार तयार होणाऱ्या संकुचित फाइलींची संकोचन-पद्धत बदलली. आतील संहिता तीच राहिली, परंतु संकुचित फाइलीतील बाइट बदलले. परिणामी त्यांचे हॅश नोंदवून ठेवलेल्या अनेक बांधणी-प्रणाली एकाएकी बंद पडल्या आणि तो बदल त्वरित मागे घ्यावा लागला. निक्सच्या संग्रहात अशा ठिकाणाहून आणलेल्या संहितेचा हॅश फाइली उलगडल्यानंतर त्यांच्या आशयावरून काढण्याची पद्धत असल्याने तेथील या व्याख्या वाचल्या.

क्रमांक व हॅश बदलण्याचे यांत्रिक काम आता बऱ्याच अंशी स्वयंचलित प्रोग्रॅम करतात. ते नव्या आवृत्त्यांचा मागोवा घेतात, पॅकेज बांधून पाहतात आणि बदलाचा प्रस्ताव मांडतात. परंतु बांधणी यशस्वी होणे म्हणजे प्रोग्रॅम योग्य रीतीने चालणे नव्हे. नव्या आवृत्तीचा परवाना बदलला आहे काय, जुन्या माहितीच्या फाइली तिला वाचता येतात काय, एखादे नवे अवलंबन गुपचूप वगळले गेले आहे काय, हे पाहण्यास माणूसच लागतो.

मूळ संहितेशी झगडा : सॉफ्टवेअरचे लेखक बहुधा फलनीय पद्धतीचा विचार करून संहिता लिहीत नाहीत. अमुक प्रोग्रॅम अमुक निर्देशिकेतच सापडेल असे ते गृहीत धरतात. निक्सओएसमध्ये त्या रूढ निर्देशिका जवळजवळ रिकाम्या असतात. म्हणून संहितेतील असे पत्ते शोधून त्यांच्या जागी हॅशयुक्त पत्ते घालावे लागतात. तयार यंत्रभाषेतच मिळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत फाइलीच्या आत लिहिलेले पत्ते बदलण्यासाठी खास साधन निर्माण करावे लागले आहे. संहितेत केलेल्या अशा दुरुस्तीच्या फाइलीस पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात, आणि हे नाव अन्वर्थक आहे: मूळ वस्त्र बदलले की ठिगळ बसत नाही. व्याख्येसोबत ठिगळे जितकी अधिक, तितका प्रत्येक आवृत्तीबदल अवघड. म्हणून चांगला देखभालकर्ता आपली दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवून ती तेथेच स्वीकारली जावी असा प्रयत्न करतो. स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्तीमुळे व्याख्या लहान होते, आणि व्याख्या लहान होणे हे या क्षेत्रात प्रगतीचे लक्षण मानले जाते.

रस्ट, गो, जावास्क्रिप्ट इ. भाषांतील प्रोग्रॅमांनी वेगळीच अडचण उभी केली. त्यांची साधने बांधणीच्या वेळीच इंटरनेटवरून शेकडो लहान घटक आणतात. बंदिस्त कक्षात हे शक्य नसल्याने या सर्व घटकांचा संच आधी स्वतंत्रपणे आणून त्या सबंध संचाचा एक हॅश व्याख्येत नोंदविण्याची सोय करण्यात आली. यामुळे काम सोपे झाले. परंतु शेकडो घटकांची ओळख एकाच अंकामागे लपली. रूढ मार्ग असा की, प्रत्येक घटकाची स्वतंत्र व्याख्या असावी व त्यांचा सामाईक उपयोग व्हावा. गीक्सच्या देखभालकर्त्यांचा कल पुष्कळ अंशी या दुसऱ्या मार्गाकडे राहिला आहे; त्याची किंमत अर्थातच वेळात मोजावी लागते.

एका बदलाचा प्रसार : फलनीय पद्धतीचा मुख्य गुण हाच तिचा मुख्य भारही आहे. प्रत्येक पॅकेजचा हॅश त्याच्या सर्व घटकांच्या हॅशवर अवलंबून असल्याने मुळाशी असलेल्या घटकात एका अक्षराचा बदल झाला तरी त्यावर विसंबलेले सर्व काही पुन्हा बांधावे लागते. सी भाषेची मूलभूत लायब्ररी किंवा कंपाइलर बदलला तर जवळजवळ सबंध संग्रह नव्याने बांधावा लागतो. प्रत्येक वापरकर्त्याने हे काम स्वतःच्या संगणकावर करणे अशक्य; म्हणून मध्यवर्ती यंत्रसमूह पॅकेजे बांधतात आणि तयार पॅकेजांचा साठा सर्वांसाठी खुला ठेवतात. निक्सच्या अशा यंत्रणेचे नाव हायड्रा आहे. वापरकर्त्याच्या संगणकावर काढलेला हॅश साठ्यात आढळला की तयार पॅकेज उतरवून घेतले जाते, अन्यथा ते तेथेच बांधले जाते.

मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी घडविणारे बदल निक्सच्या संग्रहात थेट मुख्य शाखेत घेतले जात नाहीत. ते एका वेगळ्या पूर्वतयारीच्या शाखेत साठविले जातात, एकत्र बांधले जातात आणि त्यांतून उद्भवलेले दोष दुरुस्त झाल्यावरच मुख्य शाखेत येतात. एरवी ही व्यवस्था शहाणपणाची आहे. तातडीच्या सुरक्षा-दुरुस्तीच्या वेळी मात्र ती संथ वाटू लागते. गीक्सने यावर कलम करण्याची युक्ती योजिली आहे. सदोष लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती बांधून, तिच्यावर विसंबलेल्या पॅकेजांत जुन्या निर्देशिकेचे नाव जेथे जेथे येते तेथे नव्या निर्देशिकेचे नाव बसविले जाते. दोन्ही नावे समान लांबीची असल्याने फाइलींची रचना बिघडत नाही. पुनर्बांधणी टळते आणि दुरुस्ती त्वरित पोहोचते. मात्र दोन्ही आवृत्त्यांची बाह्य रचना तंतोतंत जुळणारी असली पाहिजे, आणि ती जुळते हे ठरविण्याचा भार पुन्हा देखभालकर्त्यावरच येतो.

विश्वासाची मर्यादा : २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या माहिती-संकोचनाच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर दडविलेले चोरद्वार असल्याचे जाहीर केले. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सु. अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले व त्यावरून शोध लागला. या प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने हे चोरद्वार घातले होते. ते कार्यान्वित करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या संहिता-इतिहासात नव्हता. तो केवळ प्रसिद्धीसाठी तयार केलेल्या संकुचित फाइलीत होता.

फलनीय पद्धतीच्या दृष्टीने ही घटना बोधक ठरली. निक्सच्या अस्थिर शाखेतील व्याख्येत ५.६.१ ही आवृत्ती आलेली होती. व्याख्येतील हॅश बिनचूक होता, बांधणी शुद्ध होती, सर्व अवलंबने नोंदलेली होती; आणि तरीही पॅकेज दूषित होते. प्रसिद्ध झालेलीच फाइल आपण आणली, एवढेच हॅश सांगतो. ती फाइल विश्वासार्ह आहे काय, हे तो सांगू शकत नाही. चोरद्वाराची रचना डेबियन व आरपीएम पद्धतीच्या पॅकेजांच्या बांधणीतच जागे होण्यासारखी असल्याने निक्सओएसवर ते कार्यान्वित झाले नाही. स्थिर शाखेत तर जुनी ५.४ मालिकाच होती. हा बचाव योगायोगाचा होता, पद्धतीचा नव्हे. शिवाय एक्सझेड हे बांधणीच्या मुळाशी असलेल्या घटकांपैकी एक असल्याने ते मागील आवृत्तीवर नेण्याचा बदल जवळजवळ सबंध संग्रहाची पुनर्बांधणी करविणारा होता आणि तो वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्यास बरेच दिवस लागले. संकुचित फाइलीऐवजी संहिता-इतिहासातूनच बांधणी करावी, किंवा निदान दोन्ही ताडून पाहावीत, या सूचनेला या घटनेनंतर बळ मिळाले. परंतु मुळाशी असलेल्या घटकांबाबत ते कठीण आहे. इतिहासातून बांधण्यासाठी जी साधने लागतात ती स्वतःच या घटकांवर अवलंबून असतात.

तयार पॅकेजांच्या साठ्याबाबतही विश्वासाचा प्रश्न उरतो. तो सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रांवर तीच व्याख्या बांधून फलिते बाइटशः ताडून पाहणे. फलनीय पद्धतीत चले नेमकी ठरलेली असतात. तरी फलिते नेहमी तंतोतंत जुळतातच असे नाही, कारण कंपाइलर फाइलीत बांधणीची वेळ लिहितो, फाइलींचा क्रम यंत्रागणिक बदलतो, समांतर चालणाऱ्या कामांचा निकाल मागेपुढे होतो. निक्सच्या भांडारात फाइलींवरील वेळ १ जानेवारी १९७० च्या आरंभानंतरचा पहिला सेकंद अशी एकच ठेवली जाते, ती याच कारणास्तव. निक्स संग्रहाच्या २०१७ ते २०२३ या काळातील टप्प्यांमधून सात लाखांहून अधिक पॅकेजे पुन्हा बांधून पाहणारा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ सर्व, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक, पॅकेजे पुन्हा बांधता आली. बाइटशः जुळणाऱ्यांचे प्रमाण ६९ ते ९१ टक्क्यांच्या दरम्यान व कालानुसार वाढते आढळले. न जुळणाऱ्यांपैकी सु. १५ टक्क्यांच्या मुळाशी फाइलीत लिहिलेली बांधणीची तारीख होती.

याच विचाराचे दुसरे टोक म्हणजे पहिला कंपाइलर कोठून आला, हा प्रश्न. कंपाइलरमध्येच दडलेला अपहार संहिता वाचून सापडणार नाही, हे केन टॉम्पसन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात दाखवून दिले होते. हे भाषण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. गीक्सच्या कार्यकर्त्यांनी इतर प्रकल्पांच्या साहाय्याने २०२३ मध्ये असा क्रम सिद्ध केला की, ज्याचा आरंभ अवघ्या ३५७ बाइटांच्या प्रोग्रॅमपासून होतो आणि पायरीपायरीने पूर्ण कंपाइलरपर्यंत पोहोचता येते. बांधणीचा क्रम चालविणारी काही साधने व लिनक्सचा गाभा मात्र या हिशेबाबाहेर राहतात. हा क्रम म्हणजेही अखेर व्याख्यांची एक लांब साखळी आहे. तिच्यातील काही सॉफ्टवेअर फार जुने असल्याने, अन्यत्र कोणालाही नको असलेल्या आवृत्त्या येथे जतन कराव्या लागतात.

देखभालकर्ते : व्याख्यांची देखभाल करणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक असतात. एखाद्याला एखादा प्रोग्रॅम हवा असतो, तो त्याची व्याख्या लिहितो आणि देखभालकर्ता म्हणून आपले नाव नोंदवितो. पुढे त्याची गरज संपते, नोकरी बदलते, आवड ओसरते. नाव मात्र व्याख्येत तसेच राहते. संग्रह वाढविणे सोपे आणि राखणे कठीण, ही तक्रार निक्सच्या संग्रहाबाबत नेहमी ऐकू येते व ती निराधार नाही. आलेले प्रस्ताव तपासून स्वीकारण्याचा अधिकार असलेले लोक थोडे आणि प्रस्ताव पुष्कळ. त्यामुळे लहानसा आवृत्तीबदलही कधीकधी आठवडेच्या आठवडे पडून राहतो. संस्थात्मक कारभाराचे प्रश्नही यातून सुटलेले नाहीत. निक्स समुदायात २०२४ मध्ये मोठा वाद होऊन डोल्स्ट्रा प्रतिष्ठानाच्या मंडळातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी निवडणुकीने सुकाणू समिती स्थापन झाली. गीक्सने अधिकाराचा प्रश्न तांत्रिक मार्गानेही हाताळला आहे : २०२० पासून तेथील प्रत्येक बदलावर अधिकृत देखभालकर्त्याची सांकेतिक स्वाक्षरी आहे काय, हे वापरकर्त्याचा संगणक स्वतः तपासतो.

सोडून देण्याची वेळ ओळखणे हाही देखभालीचाच भाग आहे. ओपनएसएसएलच्या १.१ मालिकेचा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा तिच्यावर विसंबलेली पॅकेजे एक तर नव्या मालिकेवर आणावी लागली किंवा काढून टाकावी लागली. निक्समध्ये अशा लायब्ररीच्या व्याख्येत ज्ञात दोषांची नोंद केली जाते. तशी नोंद असलेले पॅकेज वापरकर्त्याने स्पष्ट अनुमती दिल्याखेरीज प्रणाली बांधत नाही. दीर्घकाळ न बांधले जाणारे पॅकेज संग्रहातून वगळले जाते. त्याच्या नावाच्या जागी काही काळ एक संदेश ठेवला जातो आणि ते का काढले व त्याऐवजी काय वापरावे हे मागणाऱ्याला कळते.

वगळलेली व्याख्या संग्रहाच्या इतिहासात शिल्लक असतेच. संशोधकाला दहा वर्षांपूर्वीचे गणित त्याच सॉफ्टवेअरवर पुन्हा करून पाहावयाचे असेल, तर त्या काळचा सबंध संग्रह घेऊन जुने पॅकेज बांधता येते. गीक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञाही आहे. अडचण येते ती मूळ संहितेची. व्याख्येत पत्ता व हॅश असतो, संहिता नसते. आणि पत्त्यावरील यंत्र बंद झालेले असू शकते. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये खुला झालेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा संहितांचा अभिलेखसंग्रह येथे उपयोगी पडतो. मूळ ठिकाणी संहिता न मिळाल्यास गीक्स तिचा शोध या अभिलेखसंग्रहात घेते. तेथे संहितेची नोंद तिच्या आशयावरूनच केलेली असते. म्हणून व्याख्येतील पत्ता निरुपयोगी झाला तरी तीतील हॅशच्या आधारे पुष्कळदा संहिता सापडू शकते. जुन्या संकुचित फाइली बाइटशः पुन्हा तयार करण्याचे काम मात्र अवघड असून त्यासाठी त्यांच्या रचनेचा तपशील वेगळा जपून ठेवावा लागतो.